तपासणीचे पैसे द्या, पार्टचे पैसे वाचतील

व्यापाऱ्याच्या खर्चाच्या वहीत एक खाते असे असते की त्याच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. दुकानभाडे, वीजबिल, हमाली, नोकरांचे पगार यांचा पै न् पै हिशेब आपण ठेवतो. ताग्यात अर्धा मीटर कापड कमी भरले तर त्याच दिवशी इचलकरंजीला फोन जातो. परंतु 'गाडी दुरुस्ती' या खात्यावरची रक्कम मात्र आपण निमूटपणे मान्य करतो. मिस्त्रीने सांगितले 'सेन्सर गेला', आपण पैसे मोजले. आठ दिवसांनी तीच तक्रार घेऊन गाडी पुन्हा गॅरेजच्या दारात उभी राहिली. मिस्त्रीने आणखी एक पार्ट सांगितला, आपण पुन्हा पैसे मोजले. पहिला पार्ट खरोखर खराब होता काय, हा प्रश्न विचारण्याची आपल्याकडे पद्धतच नाही.

शाहूपुरीतील व्यापारी बंधूंनी या प्रश्नाचा गंभीरपणे विचार करावयास हवा, असे मला वाटते. शाहू महाराजांनी १८९५ साली ही पेठ वसविली ती व्यापारासाठी. त्या काळी गुळाच्या ढेपा बैलगाड्यांतून येत. आज आपला माल छोट्या टेम्पोतून आणि बंद व्हॅनमधून फिरतो. गांधीनगर, इचलकरंजी, निपाणी, तसेच घाट उतरून रत्नागिरी आणि कणकवलीपर्यंत आपल्या गाड्या जातात. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाचा माल पोहोचत नाही, आणि सणाच्या तोंडावर न पोहोचलेला माल गिऱ्हाईक परत घेत नाही. बैलगाडीचा आस मोडला तर तो डोळ्याला दिसत असे. आजच्या गाडीतील बिघाड डोळ्याला दिसत नाही, तो मोजावा लागतो. आपला सारा घोळ येथेच आहे. यंत्र बदलले, परंतु दुरुस्तीची आणि दुरुस्तीचे पैसे देण्याची रीत जुनीच राहिली.

हीटर कोल्हापुरात कशाला?

या लेखासाठी मी मुद्दाम एकच उदाहरण घेतो, ते म्हणजे इंजिनाचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरचे आणि त्याच्यामुळे बंद पडणाऱ्या हीटरचे. कोणी म्हणेल, कोल्हापूरच्या हवेत हीटर हवा कोणाला? थंडीसाठी नसेलही. परंतु जुलै महिन्यात आंबा घाटातून किंवा गगनबावड्याहून करूळ घाटातून ज्याने गाडी उतरविली आहे, तो हा प्रश्न विचारणार नाही. बाहेर धुके आणि पाऊस, आत दोन माणसांचा श्वास. काचेवर आतून दव साचते. ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग धरतो आणि दुसऱ्या हाताने फडक्याने काच पुसतो. दरीच्या काठाने माल भरलेली गाडी अशी चालविणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

काचेवरचे दव घालविण्याचे दोन उपाय गाडीत असतात. एसी आतल्या हवेतील ओलावा काढून घेतो आणि हीटर काच गरम करतो. दोन्ही एकत्र चालले तर काच लवकर साफ होते. आता गंमत पाहा. हीटरची उष्णता येते इंजिनाच्या गरम कुलंटमधून, आणि एसी चालू द्यावयाचा की नाही हे अनेक गाड्यांत इंजिनाचा कंप्युटर कुलंटचे तापमान पाहून ठरवितो. इंजिन फार तापले आहे असा निरोप मिळाला, किंवा निरोप येणेच बंद झाले, तर इंजिन वाचविण्यासाठी बऱ्याच गाड्यांत कंप्युटर एसी बंद करून टाकतो. म्हणजे एका छोट्याशा सेन्सरची खबर चुकली तर काच साफ ठेवण्याची सारी व्यवस्था अडचणीत येते.

लुधियाना आणि पानिपतहून लोकर व ब्लँकेटचा माल घेऊन डिसेंबर-जानेवारीत निघणारे ट्रक उत्तरेच्या दाट धुक्यातून येतात. तेथे तर हीटर ही चैनीची वस्तू राहतच नाही. शिवाय १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालट्रकांच्या केबिनला वातानुकूलन केंद्र सरकारने सक्तीचे केले आहे. ड्रायव्हरच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. परंतु त्याबरोबर सेन्सर, वायर आणि कपलर यांची संख्या वाढणार, आणि त्यांचा बिघाड शोधण्याचे कामही वाढणार, हे मालकांनी ध्यानात घ्यावे.

सेन्सर म्हणजे नेमके काय?

मी उर्दू शाळेत शिकलो आणि आयुष्य कापडात गेले. यंत्रशास्त्राचा मी विद्यार्थी नाही. परंतु जी वस्तू आपल्या खिशातून पैसे काढते ती समजून घेणे हा व्यापाऱ्याचा धर्मच आहे. माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो.

कुलंटच्या वाटेवर बोटाच्या पेराएवढा एक भाग बसविलेला असतो. त्याच्या आत असा पदार्थ असतो की तो थंड असताना विजेला जास्त अडवितो आणि गरम झाला की कमी अडवितो. २० अंश सेल्सिअसला हा अडथळा पुष्कळ गाड्यांत साधारण दोन ते तीन हजार ओम भरतो, आणि ८० अंशांच्या पुढे तो तीनशेच्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. कंप्युटर या अडथळ्यावरून इंजिनाचे तापमान ओळखतो. किती इंधन सोडावयाचे, रेडिएटरचा पंखा केव्हा लावावयाचा, एसी चालू द्यावयाचा की नाही, हे सारे त्याच खबरेवर ठरते. ज्या गाड्यांत आपोआप चालणारी हवा-व्यवस्था असते, तेथे इंजिन पुरेसे गरम झाल्याची खबर मिळेपर्यंत हीटरचा पंखाही थांबून राहतो.

आता हा निरोप पोहोचविणारी वायर तुटली तर काय होईल? अडथळा अमर्याद झाला. कंप्युटरला वाटते, इंजिन भयंकर थंड आहे. स्कॅनर लावला तर तेथे उणे ४० अंश दिसतात. कोल्हापुरात उणे ४० अंश! याउलट दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर अडथळा शून्य होतो, आणि स्कॅनरवर इंजिन वाफेहून गरम असल्याचा आकडा येतो. या दोन्ही प्रकारांत आकडाच इतका बेताल असतो की कंप्युटर तो ओळखतो, चेक इंजिनचा दिवा लावतो आणि खबरदारी म्हणून बहुतेक वेळा पंखा सतत चालू ठेवतो.

तिसरा प्रकार मात्र फसवा आहे. वायर तुटलेली नाही, पण कपलरमध्ये गंज धरला आहे. गंजामुळे थोडा अडथळा वाढतो. इंजिन ९० अंशांवर असते आणि कंप्युटरला ते ७० किंवा ७५ वाटते. हा आकडा बेताल नाही, म्हणून दिवा लागेलच असे नाही. पण इंधन जास्त जाऊ लागते, ॲव्हरेज उतरते, आणि पंखा लागावयास हवा तेव्हा लागत नाही. अशी गाडी एखाद्या चढावर हेड गॅस्केट उडवून बसते, आणि मालक म्हणतो की काहीच पूर्वसूचना नव्हती.

आपल्या धंद्यातील दाखला देतो. इचलकरंजीत आता बिनधोट्याचे माग मोठ्या संख्येने आले आहेत. त्या मागांवर बाण्याचा धागा आला की नाही हे पाहणारा सेन्सर असतो. त्यावर कापसाची धूळ बसली की धागा व्यवस्थित येत असतानाही माग थांबतो. अडाणी कामगार सुताला दोष देतो आणि सूतवाल्याशी भांडण सुरू होते. जाणता कामगार आधी सेन्सर पुसतो. खबर देणारा खोटे बोलतो आहे की ज्याची खबर दिली तेच बिघडले आहे, हे आधी ठरविले पाहिजे. माग असो वा मोटार, नियम एकच.

एका गाडीची हकिकत

आमच्या दुकानाच्या एका बंद व्हॅनचा अनुभव येथे सांगणे उपयोगी पडेल. जुलै २०२१ च्या पुरात पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल भागात शिरले. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये तर शिरोलीजवळ महामार्गही कित्येक दिवस बंद राहिला होता. २०२१ च्या पाण्यात ही व्हॅन चाकांच्या वरपर्यंत उभी होती. नंतर ती धुऊन, तेल बदलून, पुसून चालू झाली. दोन वर्षे काही त्रास दिला नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात तक्रार सुरू झाली. सकाळी थंड गाडी चालू करताच रेडिएटरचा पंखा फिरू लागे, चेकचा दिवा पेटलेला असे, आणि ॲव्हरेज स्पष्ट उतरलेले होते. शहरातील एका गॅरेजमध्ये गाडी दिली. तेथे स्कॅनर लावून 'तापमान सेन्सर' असा कोड वाचला आणि सेन्सर बदलला. दिवा दोन दिवस बंद राहिला, तिसऱ्या दिवशी पुन्हा लागला. मग पंख्याचा रिले बदलला. मग 'थर्मोस्टॅट व्हॉल्वच काढून टाकू, कटकट नको' म्हणून तोही काढला. प्रत्येक वेळी पार्ट वेगळा, मजुरी वेगळी. शेवटी गाडी रत्नागिरीला निघाली तेव्हा आंबा घाटात हीटर कोमट वारा सोडत होता आणि एसी लागत नव्हता. ड्रायव्हर शहाणा, त्याने गाडी बाजूला घेऊन धुके कमी होईपर्यंत वाट पाहिली. माल उशिरा पोहोचला, माणूस सुखरूप पोहोचला.

पुढे ही गाडी एका तरुण वायरमनने पाहिली. त्याने कोणताही पार्ट मागविला नाही. स्कॅनरवर कुलंटचे तापमान वाचले, तर उणे ४०. मग सेन्सरचा कपलर काढून आतल्या दोन पिना जोडून पाहिल्या. सेन्सरची खबर सोडा, पिना जोडूनही आकडा हलला नाही. तो म्हणाला, "शेठ, सेन्सर नवाच आहे आणि चांगला आहे. निरोपाची वाटच बंद आहे." कपलरमागची टेप सोडविली तेव्हा आत हिरवा गंज निघाला आणि एक तार त्यात पार खाल्ली गेली होती. वीतभर वायर आणि एक कपलर, एवढ्याने तक्रार मिटली. नंतर थर्मोस्टॅट पुन्हा बसविला तेव्हा हीटरही गरम झाला. त्या मुलाने अर्धा तास तपासणीत घालविला. आधीच्या तीन फेऱ्यांत त्याहून कितीतरी जास्त वेळ आणि पैसा गेला होता.

थर्मोस्टॅट काढण्याची वाईट खोड

येथे एका चुकीच्या समजुतीबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे. 'आपला मुलुख गरम, थर्मोस्टॅटची गरज नाही, काढून टाका, इंजिन थंड राहील' असे सांगणारे मिस्त्री गावोगावी आहेत आणि ते ऐकणारे मालकही आहेत. जुन्या गाड्यांत हे खपून गेले. आता खपत नाही.

थर्मोस्टॅट हा कुलंटच्या रस्त्यावरचा दरवाजा आहे. त्यात मेण भरलेले असते. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान मेण वितळून फुगते आणि दरवाजा उघडतो. तोपर्यंत कुलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतो आणि इंजिन लवकर योग्य तापमानावर येते. दरवाजाच काढून टाकला तर इंजिन बराच वेळ थंड राहते. हीटर कोमट, इंधन जास्त, आतील झीज जास्त. १ एप्रिल २०२० पासून विक्रीस आलेल्या भारत स्टेज ६ च्या डिझेल गाड्यांत तर आणखी एक नुकसान आहे. अशा पुष्कळ गाड्यांत धुरातील काजळी अडविणारा फिल्टर असतो. तो अधूनमधून स्वतःला जाळून साफ करतो, पण इंजिन पुरेसे गरम असेल तरच. इंजिन थंड राहिले तर ही सफाई होत नाही, फिल्टर तुंबतो, गाडीची ताकद जाते आणि मग मोठा खर्च येतो. काही शे रुपयांचा व्हॉल्व काढून हजारोंचा फिल्टर घालविणे याला काटकसर म्हणत नाहीत.

तपासणी कशी असावी?

ड्रायव्हर किंवा मालकाने गॅरेजमध्ये उभे राहून पुढील गोष्टी झाल्या की नाही एवढे पाहिले तरी पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट कुलंटची पातळी. गाडी पूर्ण थंड असतानाच पाहावी. गरम इंजिनाचे रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, उकळते पाणी तोंडावर उडते. कुलंट कमी असेल तर हीटरकडे हवा जाते आणि सेन्सरही द्रवात न राहता वाफेत राहून चुकीचा आकडा देतो. हीटर अचानक गार वारा सोडू लागला आणि तापमानाचा काटा वर चालला असेल, तर ती बहुधा कुलंट कमी झाल्याची पहिली वर्दी असते. अशा वेळी गाडी तेथेच थांबवावी.

दुसरी गोष्ट थंड गाडीचे वाचन. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू न करता फक्त चावी फिरवून स्कॅनर लावावा. कुलंटचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळजवळ सारखेच दिसले पाहिजे. दोन-चार अंशांचा फरक चालेल. वीस अंशांचा फरक असेल तर खबर खोटी आहे.

तिसरी गोष्ट कपलर काढून पाहण्याची. काढल्यावर आकडा उणे ४० च्या आसपास गेला पाहिजे आणि दोन पिना जोडल्यावर एकदम वर गेला पाहिजे. असे झाले तर वायर ठीक आहे आणि दोष सेन्सरकडे आहे. असे झाले नाही तर सेन्सर बदलून उपयोग नाही, वायर शोधावी. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. मात्र ती दोन पिनांच्या सेन्सरचीच, आणि जाणकाराच्याच हातून व्हावी. काही गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि कंप्युटरचा वेगळा असतो, काहींत पिना जास्त असतात. तेथे अंदाजाने पिना जोडू नयेत.

चौथी गोष्ट थर्मोस्टॅटची. गाडी थंडीतून चालू केल्यावर रेडिएटरची वरची नळी काही वेळ थंडच राहिली पाहिजे आणि मग झपाट्याने गरम झाली पाहिजे. ती पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेली तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा कोणीतरी काढून टाकला आहे.

पाचवी गोष्ट हीटरच्या दोन नळ्यांची. इंजिन गरम असताना दोन्ही गरम असतील तर कुलंट फिरतो आहे आणि दोष केबिनमधील झडपेत शोधावा. एक गरम आणि दुसरी गार असेल तर हीटर तुंबला आहे किंवा आत हवा अडकली आहे.

आणखी एक सांगणे जरूर आहे. स्कॅनरवरचा कोड म्हणजे निकाल नव्हे. पी ०११८ हा कोड सांगतो की कुलंट-तापमानाच्या वाटेवर जादा अडथळा आहे. तो अडथळा सेन्सरमध्ये आहे की वायरमध्ये की कपलरमध्ये, हे तो सांगत नाही. पी ०१२८ सांगतो की इंजिन अपेक्षेप्रमाणे गरम होत नाही. कारण थर्मोस्टॅट असेल, कमी कुलंट असेल किंवा सतत फिरणारा पंखाही असेल. कोड आपल्याला शाहूपुरीची गल्ली सांगतो. घर शोधावे लागते. पहिल्याच दाराची कडी वाजवून 'हाच तो' म्हणणे ही तपासणी नाही.

दोष एकट्या मिस्त्रीचा नाही

एवढे वाचून कोणी म्हणेल की गॅरेजवाले लबाड आहेत. माझे म्हणणे तसे नाही. ज्या मिस्त्रीचा हात चालतो त्याला मी कारागीर मानतो. उद्यमनगरातील लेथ असो की रस्त्याकडेचे गॅरेज, कोल्हापूरने कारागिरीवरच नाव कमावले आहे. प्रश्न मेहनतान्याच्या पद्धतीचा आहे.

मिस्त्रीने अर्धा तास मल्टिमीटर घेऊन वायर शोधली आणि सांगितले की 'नुसता कपलर साफ केला, चारशे रुपये द्या', तर आपण काय म्हणतो? "अरे, पार्ट कुठे टाकलास? पैसे कसले?" त्याच मिस्त्रीने नवा डबा फोडून दोन हजारांचा पार्ट बसविला आणि त्यावर मजुरी लावली, तर आपण हसत देतो, कारण हातात काहीतरी दिसते. म्हणजे शोधण्याचे पैसे आपण देत नाही आणि बदलण्याचे देतो. मग मिस्त्रीने शोधावे कशाला? पार्टच्या दुकानातून त्याला सूटही मिळते. आपल्या वागण्यानेच आपण त्याला पार्ट बदलावयास शिकविले आहे. डॉक्टरने नाडी पाहिली तर आपण फी देतो, मग औषध लिहून दिले नाही तरी. गाडीच्या डॉक्टरला मात्र औषधाच्या किमतीवरच जगावे लागते. मग औषध जास्त दिले जाते यात नवल कसले?

दुसरी बाजू कंपन्यांची आहे. पुष्कळ कंपन्यांनी वायरिंगचे नकाशे आणि पूर्ण तपासणी करणारी साधने आपल्या अधिकृत सेवाकेंद्रांपुरती ठेवली. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना याच कारणावरून एकूण २५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि सुटे भाग व तपासणीची साधने बाहेरच्या कारागिरांनाही मिळावीत असे आदेश दिले. कंपन्या अपिलात गेल्या, कज्जे लांबले. परंतु आयोगाने मांडलेले तत्त्व बरोबरच आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्ये मत देऊन गाडी-दुरुस्तीच्या माहितीचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी पोर्टल सुरू केले. मोटारींचाही त्यात समावेश आहे. परंतु पोर्टलवर नाव असणे आणि शाहूपुरीतील मिस्त्रीच्या हातात त्याच्या भाषेत नकाशा असणे, यांत फार अंतर आहे.

भाषेचा मुद्दा मी मुद्दाम काढला. गॅरेजमध्ये काम करणारी बरीच मुले आपल्या घरांतून येतात. कोणी उर्दू शाळेतून, कोणी मराठी शाळेतून, कोणी सातवी-आठवीतून बाहेर पडलेले. त्यांच्या हातात कसब आहे, पण स्कॅनरचा पडदा इंग्रजी बोलतो. ते कोड वाचतात आणि पुढचा खुलासा सोडून देतात. या मुलांना अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांना आयटीआयच्या 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पाठविणे, निदान संध्याकाळी मल्टिमीटर, वायरिंगचा नकाशा आणि स्कॅनरचे इंग्रजी शब्द शिकविण्याची व्यवस्था करणे, हे काम व्यापारी संघटनांनी अंगावर घ्यावे. ज्याच्याकडे निदान करण्याचे ज्ञान आहे तो पुढील वीस वर्षे रिकामा बसणार नाही. ज्याला फक्त पाना चालविता येतो त्याचे दिवस अवघड आहेत.

व्यापाऱ्यांनी काय करावे?

शेवटी आपल्या हातात असलेल्या गोष्टी सांगतो. गॅरेजमध्ये गाडी देताना 'हीटर बघा' असे मोघम न सांगता तक्रार लिहून द्यावी. केव्हा होते, थंड गाडीला की गरम, घाटात की सपाटीवर, पावसात की कोरड्यात, हे लिहावे. तपासणीची मजुरी आधी ठरवावी आणि पार्ट बदलला नाही तरी ती द्यावी. पार्ट बदलण्याआधी एकच प्रश्न विचारावा, "हा खराब आहे हे कशावरून?" आकडा दाखवला तर होकार द्यावा. बदललेला जुना पार्ट मागून घ्यावा आणि पावती पक्की घ्यावी. माझ्या संमतीवाचून थर्मोस्टॅट काढू नये, असे पावतीवरच लिहून घ्यावे. ज्या गाड्या २०१९ किंवा २०२१ च्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांचे सर्व खालचे कपलर पावसाळ्यापूर्वी उघडून साफ करून घ्यावेत.

पावतीचा आग्रह आणखी एका कारणासाठी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सदोष सेवेविरुद्ध दाद मागता येते, परंतु व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा त्यातून वगळली आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालविणाऱ्याला त्यात सवलत आहे, दुकानाच्या गाड्यांना ती मिळेलच असे नाही. म्हणून व्यापाऱ्याचे खरे संरक्षण त्याच्या हातातील कागद आणि त्याचा जागरूकपणा हेच आहे.

आणि ड्रायव्हरचे ऐका. काटा कोठे असतो, पंखा केव्हा लागतो, हीटर केव्हा गार होतो, हे त्याला आपल्यापेक्षा आधी कळते. 'हीटरची चैन कशाला हवी' असे म्हणून त्याला गप्प करणारा मालक त्याला घाटात आंधळेपणाने गाडी हाकावयास लावीत असतो.

आपण कापड घेताना ताग्याची घडी उलगडतो, पोत बोटांनी पाहतो, धागा ओढून पाहतो, मग भाव बोलतो. हीच रीत गाडीच्या बाबतीत लावली, आणि जो कारागीर आधी पाहतो व मग बोलतो त्याला त्याच्या पाहण्याचे मोल दिले, तर आपली वर्षाची बिले कमी होतील, चांगला मिस्त्री या पेठेत टिकून राहील, आणि पावसाळ्यात घाट उतरणाऱ्या आपल्या माणसाला समोरचा रस्ता दिसेल. शाहूपुरीच्या व्यापाऱ्यांनी एकत्र बसून या पावसाळ्याआधी निदान तपासणीच्या मजुरीचा एक दर ठरवावा, एवढीच माझी सूचना आहे.